आई-बाबांना, मोंतोनेविषयी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, यशवंत घाडग्यांचं इटलीतलं स्मारक नक्की कुठे आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर धड सांगणं होईना, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाचं नाव मोंतोने. मध्य इटलीत उंब्रिया प्रांतातल्या पेरूजा शहराच्या उत्तरेला तिबेर नदीचं वरचं खोरं लागतं. खाली सूर्यफुलांची नि तंबाखूची शेतं आणि वर टेकडीच्या माथ्यावर तटबंदीच्या आत हे गाव. वस्ती जेमतेम दीड हजाराच्या आसपास. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक घाडगे पडले. जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले नाहीतर जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबाँबने मशीनगन उडवली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. वय बावीस. पुढे मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही. इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

आपल्या माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आपण जाता-येता पाहतो. इथे मोंतोनेने २०२३च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. मी तिथे उभी राहिले आणि पलासगावचा तो मुलगा किती लांब येऊन गेला, एवढंच मनात येत राहिलं.

बाबा, तुम्हाला किल्ल्यांची आवड, म्हणून हेही सांगते. हे गाव फोर्तेब्राच्ची घराण्याचं. त्यातला ब्राच्चो दा मोंतोने (१३६८–१४२४) हा भाडोत्री फौजांचा मोठा सेनापती. त्याने पेरूजा जिंकून आसपासच्या मुलखावर राज्य केलं. त्याचा गढीवजा किल्ला १४७८ मध्ये पोप चौथा सिक्स्तुस याने पाडून टाकला. आता अवशेषच आहेत, पण अरुंद चढाच्या गल्ल्या, वेशी आणि दगडी घरं पाहिली की जुन्या गावाची रचना लगेच कळते.

आई, तुझ्यासाठी मात्र सान फ्रांचेस्कोचं चर्च. आता तिथे संग्रहालय आहे. त्यातलं एक कापडावरचं चित्र बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ मध्ये रंगवलेलं. मरियेने अंगावरचा झगा दोन्ही बाजूंना पसरलाय आणि त्याखाली माणसं आसऱ्याला आलीत, तू पावसात आम्हा भावंडांना पदराखाली घ्यायचीस तशी. प्लेगच्या साथी यायच्या तेव्हा उंब्रियात अशी चित्रं पालखीसारखी मिरवत नेत. मी त्याच्यासमोरून लवकर हलले नाही.

आणि काटा! ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत लढला, त्याची कदर म्हणून १४७३ मध्ये त्याला ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा मिळाला. ईस्टरच्या सोमवारी गावकरी तो दर्शनाला काढतात. ऑगस्टमध्ये त्याचा उत्सव असतो, तेव्हा गावातल्या तीन पेठा जुन्या पोशाखात एकमेकींशी चुरशीने स्पर्धा लावतात. एवढंसं गाव, पण पाचशे वर्षांवर एक काटा जिवापाड जपतंय. त्याच गावाच्या हाती आता आपल्या घाडग्यांची आठवण आहे, याने मला फार धीर येतो.

तुम्ही दोघं ईस्टरच्या सुमाराला याच. तेव्हा थंडी सरलेली असते आणि काट्याचं दर्शनही होईल. चढ बराच आहे, म्हणून बाबा, गुडघ्याचा पट्टा आणि काठी बरोबर ठेवा. मी गाडी वेशीपर्यंत आणीन. पासपोर्टची मुदत बघून मला लगेच कळवा, व्हिसाचे कागद मी इथून पाठवते.

तुमची,
मनू