डॉपलरचा आवाज मोठा करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं त्या एका भेटीत कळलं. पत्र मात्र मुद्दाम उघडं लिहितेय, कारण ते तुमच्याखेरीज आणखी काही जणांच्या वाचनात यावं अशी इच्छा आहे.

बाबांच्या उजव्या डोळ्यापुढे अचानक पडदा पडला आणि काही मिनिटांनी आपोआप उठला. आम्ही पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी चष्म्याचा नंबर पाहिला आणि 'वयाप्रमाणे होतं असं' म्हणून घरी पाठवलं. डोळ्याला रक्त त्याच बाजूच्या मानेतल्या धमनीतून जातं, तेव्हा एकदा मानेला स्टेथोस्कोप लावून बघावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्यांनी निदान त्या धमनीचं, कॅरोटिडचं, नाव तरी घेतलं. बाबांनी भीत भीत विचारलं, "म्हणजे काय हो?" तर उत्तर आलं, "सिगरेट ओढताना विचारलं होतंत का?" हे बोलतानाही त्यांची नजर कॉम्प्युटरवरच होती. बाबा त्यानंतर घरी कोणाशी धड बोलेनात. आपल्या करणीची फळं, एवढं एकच वाक्य ते धरून बसले होते.

मग तुम्ही भेटलात.

बाबा मान वळवून टेबलावर पडले होते. तुम्ही जेल लावलंत, डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा वेग ऐकवणाऱ्या सोनोग्राफीचा, प्रोब टेकवलात आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवलीत. "काका, ऐकायचंय?" म्हणालात आणि आवाज मोठा केलात. बस, एवढंच. डॉक्टरांनी आपल्याला काहीतरी दाखवायची ही त्या सगळ्या प्रकरणातली पहिली वेळ होती. माझ्या बाबांचा चेहरा त्या क्षणी बदलला, तो मी पाहिलाय. आरोपी होते ते साक्षीदार झाले.

डावी बाजू आधी. भरदार, मऊ, ठेक्यात. मग उजवी, चिरकी आणि फसफसणारी. तुम्ही म्हणालात, वाट अरुंद झाली तरी रक्ताला तेवढंच जायचं असतं, म्हणून ते पळतं. व्यास निम्मा झाला तर जागा पावच उरते, म्हणजे वेग चौपट. आतल्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या फांदीत, तो सेकंदाला 230 सेंटिमीटरच्या वर गेला की अडथळा सत्तर टक्के किंवा जास्त धरतात. बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे आवाज बंद झाला की बरं?" तुम्ही हसला नाहीत. "नाही काका, वाट जवळजवळ बुजली की रक्तच कमी जातं, मग आवाजही पडतो. शांत झाली म्हणून बरी झाली असं नसतं."

पण मला सांगायचंय ते त्या निळ्या ठिपक्याबद्दल. डाव्या, जवळजवळ निरोगी बाजूला, धमनी दुभंगते तिथे जरा फुगीर भाग असतो. त्या फुगवट्याच्या बाहेरच्या कडेला, लाल रंगात एक निळा ठिपका दर ठोक्याला उमटत होता आणि विरत होता. तुम्ही बाण तिथे नेऊन ठेवलात. "हे उलटं फिरणारं रक्त. माझ्याही मानेत आहे, हिच्याही आहे." हिच्या म्हणजे माझ्या. वाहिनी तिथे रुंद होते, मुख्य धार मधल्या दुभाजकाकडे झुकते आणि बाहेरच्या भिंतीशी रक्त रेंगाळतं, क्षणभर मागे वळतं. कॅरोटिडमधला प्लाक, म्हणजे भिंतीत साचणारा चरबीचा थर, बहुतेक वेळा धरतो तो याच भिंतीवर.

बाबांची उभी हयात पाण्याच्या पाइपलाइनींवर गेली. ते म्हणाले, "बरोबर आहे, जोर नसला की गाळ बसतोच." तुम्ही प्रोब तसाच धरून म्हणालात, "अर्धं बरोबर. पाइपला पाणी कळत नाही काका, धमनीला रक्त कळतं." हे अर्धं-बरोबर म्हणणं मला फार आवडलं. दुसरं कोणी सरळ 'हो हो' म्हणून मोकळं झालं असतं.

त्या एका वाक्याच्या मागे लागून मी नंतर बरंच वाचलं. प्रवाह धमनीच्या आतल्या अस्तराला घासत जातो, त्या ताणाला शिअर स्ट्रेस म्हणतात. निरोगी धमनीत तो साधारण दीड पास्कलच्या आसपास असतो. रक्तदाब 120 असताना भिंतीवर पडणारा दाब जवळपास 16,000 पास्कल. म्हणजे दहा हजार पटींनी क्षीण असलेलं हे घासणं भिंतीचं भवितव्य ठरवतं! रक्त एका दिशेने नीट वाहत असेल तर अस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीत बसतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि वाहिनी शांत राहते. घासणं 0.4 पास्कलच्या खाली गेलं आणि दिशाही पुढे-मागे होऊ लागली, की त्याच पेशी ओळ सोडतात, त्यांच्या फटींतून कोलेस्टेरॉल आत शिरतं, पांढऱ्या पेशींना बोलावणं जातं. गाळ वरून बसत नाही, भिंत त्याला आत घेते.

गंमत म्हणजे जाणकारांनाही हे एकदम उमगलं नव्हतं. 1960 च्या दशकात जोरदार प्रवाहाने अस्तर खरचटतं आणि तिथे रोग सुरू होतो, असाही एक विचार होता. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. 1969 मध्ये कॅरो नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मांडणी केली की रोग कमी घासणीच्या जागी होतो. पुढे 1980 च्या दशकात झारिन्स, गिडन्स, कू आणि ग्लागोव्ह यांनी मानेतल्या याच दुभंगावर प्रवाहाच्या प्रतिकृती आणि खरे प्लाक शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. थर जाड होता तो दुभाजकावर नाही, समोरच्या बाहेरच्या भिंतीवर.

तुम्ही बाबांना सोडून दिलंत असंही नाही. जागा प्रवाहाने ठरवली, पण तिथे पीक काढलं ते रक्तदाबाने आणि सिगरेटने, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. फक्त ते सांगताना त्यांच्याकडे पाहून सांगितलंत. त्याच दिवशी पाकीट गेलं ते गेलं. आमच्या आईने आयुष्यभर डोकं फोडून जे झालं नव्हतं ते!

आणि 'किती टक्के' एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत, हेही लिहायला हवं. अरुंद जागेत चित्र पालटतं, तिथे घासणी वाढते. प्लाक फुटतो तेव्हा फाटलेली जागा बरेचदा प्रवाहाच्या वरच्या, म्हणजे हृदयाकडच्या उतारावर सापडते, जिथे वरचं आवरण पातळ झालेलं असतं. प्रत्यक्ष फाडायचं काम रक्तदाबाचं, दर ठोक्याला आवरण ताणणारं. खालच्या बाजूला पुन्हा मंद, भोवऱ्यांचं रक्त आणि तिथे थर पुढे सरकत जातो. बाबांच्या प्लाकचा एक भाग स्क्रीनवर काळपट, मऊ दिसत होता. तुम्ही तो मोजलात, रिपोर्टात वेगळा लिहिलात आणि आम्हाला म्हणालात, "डोळ्याचं लक्षण येऊन गेलंय, यात दिवस घालवू नका." डोळ्यावर पडदा आला तो तिथून सुटलेल्या कणामुळे, हे आम्हाला तेव्हा कळलं. लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत प्लाक काढायचं ऑपरेशन झालं तर फायदा सर्वांत जास्त, हे नंतर सर्जननी सांगितलं. 1991 च्या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशा सत्तर टक्के किंवा जास्त अडथळा असलेल्या रुग्णांत दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात नुसत्या औषधांवर 26 टक्क्यांना झाला होता, ऑपरेशन केलेल्यांत 9 टक्क्यांना. चष्म्याचा नंबर तपासणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

ऑपरेशन पार पडलं, बाबा हिंडताफिरताहेत. त्याबद्दल सर्जनना वेगळं पत्र लिहिलंय. तुमचं काम कागदोपत्री फक्त रिपोर्ट द्यायचं होतं. बाहेर रांग लागलेली होती, तरी तुम्ही आवाज मोठा केलात. माणसं चांगली वागतात तेव्हा त्याची नोंद कुठेच होत नाही, तक्रारीला मात्र वही असते. म्हणून हा खटाटोप.

आता बाबांचा एक प्रश्न. तो विचारल्याशिवाय पत्र टाकायचं नाही अशी ताकीद आहे. ऑपरेशनमध्ये धमनी शिवताना पॅच लावून ती रुंद केली, नाहीतर शिवणीने अरुंद होते म्हणे. बाबा विचारताहेत, मुळात रुंद जागेत रक्त रेंगाळतं म्हणूनच हे झालं ना? मग पॅच किती रुंद लावायचा हे कोण ठरवतं, आणि माझा जास्त तर झालेला नाही ना? त्यांनी वहीत दोन आकृत्याही काढून ठेवल्यात. सवडीने सांगा, घाई नाही.

तुमची,
एका पेशंटची मुलगी