स्टेअरिंगचा दांडा आणि शेजाऱ्याची गाडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात गाडीचोरीवर एक चौकट आली होती, तिच्या शेवटी लिहिलं होतं की स्टेअरिंग लॉक लावा आणि निर्धास्त राहा. वाचून हसू आलं आणि थोडी चिडचिडही झाली म्हणून लिहायला बसलो. मी स्वतः कित्येक वर्षं तो, स्टेअरिंग फिरू नये म्हणून त्यावर आडवा अडकवायचा पिवळा लोखंडी दांडा वापरतोय, त्यामुळे त्याच्याशी माझं काही वाकडं नाही, पण 'निर्धास्त' हा शब्द त्याला लावू नका.

झालं काय होतं, माझ्या दांड्याची चावी एकदा कुलपातच तुटली, अर्धी हातात आणि अर्धी आत. मेकॅनिकला बोलावलं. मला वाटलं ड्रिल वगैरे मोठा सरंजाम घेऊन येईल, तर हा पठ्ठ्या लोखंड कापायची साधी करवत घेऊन आला आणि दांड्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, सरळ स्टेअरिंगच्या गोलावर करवत चालवायला लागला. वरचं आवरण गेलं, खालचा फोम भुगा होऊन सीटवर पडला आणि आत निघाली एक बारीकशी सळी! एवढीशी सळी हातात धरून आपण आयुष्यभर गाडी चालवतो हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ती कापून झाल्यावर त्यानं गोल थोडा वाकवला, दांड्याचा आकडा फटीतून बाहेर सरकवला आणि दांडा माझ्या हातात दिला, जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. वर म्हणतो, "दांडा चांगलाय साहेब, टाकू नका."

आणि मी तो खरंच टाकला नाही. नवं स्टेअरिंग बसवलं, कुलूप बदलून घेतलं आणि दांडा परत लावायला लागलो. घरचे वेड्यात काढतात. पण चोराच्या जागी बसून विचार करा ना, त्याला करवत घेऊन यायला लागणार, आत बसून करकर आवाज करायला लागणार, आणि नंतर चीर पडलेलं स्टेअरिंग हातात धरून गाडी पळवायला लागणार. त्यापेक्षा तो पुढची गाडी बघेल. दांडा फक्त वेळ खातो, पण चोराकडे तेवढीच एक गोष्ट कमी असते.

दुसरं म्हणजे आजकालच्या बिनचावीच्या गाड्या. खिशात की (म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक चावी) असली की दार उघडतं, बटण दाबलं की चालू, आपण खूश. चोर दोघं येतात, एक जण घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि आत टेबलावर पडलेल्या कीचा सिग्नल ही यंत्रं गाडीपर्यंत पोचवतात, गाडीला वाटतं मालकच आलाय! काच फुटत नाही की अलार्म वाजत नाही. यावर उपाय म्हणून त्या सिग्नल अडवणाऱ्या पिशव्या मिळतात, बऱ्या असतात, पण घडीवर झिजल्या की आतलं अस्तर जातं आणि बाहेरून कळत नाही. म्हणून अधूनमधून की पिशवीत घालून गाडीजवळ जाऊन दार ओढून बघायचं, उघडलं तर पिशवी फेकून द्या. काही नव्या की हलवल्या नाहीत तर आपोआप झोपतात, म्हणजे सिग्नल द्यायचं थांबवतात, ते सगळ्यात चांगलं, पिशवीची कटकटच नाही.

पण पिशवीनंही भागत नाही अशी एक तऱ्हा आहे. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका माणसाची टोयोटा आरएव्ही४ गाडी चोरीला गेली, आणि गंमत (त्याच्यासाठी नाही) म्हणजे तो स्वतःच गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणारा होता. त्यानं शोध घेतला तेव्हा कळलं की चोर आधी हेडलाइटच्या वायरिंगपर्यंत हात घालतात, तिथे एक यंत्र जोडतात आणि गाडीच्या आतल्या नेटवर्कवर खोटा निरोप सोडतात की खरी की आलीये, दार उघड, इंजिन चालू होऊ दे. ते यंत्र दिसायला साधा ब्लूटूथ स्पीकर! आता यात तुमच्या कीचा संबंधच कुठे येतो, ती पिशवीत ठेवा नाहीतर तिजोरीत. अशा वेळी आत बसलेल्या चोराच्या समोर अडथळा म्हणून काय उरतं तर तो जुनापुराणा दांडा किंवा कुठेतरी लपवलेला इंधन बंद करायचा स्विच. असलं यंत्र घेऊन आलेल्याला लोखंड आडवं येतं, हे मला फार आवडतं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. दांडा बघून चोर पुढे गेला म्हणजे तो कुठे गेला? शेजाऱ्याच्या गाडीकडे. मी चोरी थांबवली नाही, फक्त ढकलली. हे मी मनाने सांगत नाहीये, याचा पुरावा पन्नास वर्षं जुना आहे. चावी काढली की स्टेअरिंग कट्कन अडकतं ना, ते कंपनीतूनच येणारं लॉक पश्चिम जर्मनीनं १९६३ मध्ये सगळ्या गाड्यांना सक्तीचं केलं, नव्या आणि जुन्याही, आणि तिथल्या चोऱ्या खाली आल्या. ब्रिटननं १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना लावलं. मग तिथल्या गृहखात्याच्या संशोधकांनी लंडनचे आकडे काढले तर १९६९ मध्ये चोरीच्या गाड्यांत नव्यांचं प्रमाण साधारण २१ टक्के होतं ते १९७३ मध्ये ५ टक्क्यांवर आलं, वा वा, पण एकूण चोऱ्या काही कमी झाल्या नाहीत कारण चोर जुन्या गाड्यांकडे वळले. म्हणजे ज्याला नवी गाडी परवडते तो सुटला आणि ज्याला परवडत नाही त्याच्या माथी पडलं.

उलटा प्रकार पण आहे. अमेरिकेत लोजॅक नावाचा, चोरलेली गाडी पोलिसांना शोधता यावी म्हणूनचा रेडिओ ट्रान्समीटर गाडीत लपवून बसवायचे, बाहेर स्टिकर नाही काही नाही, त्यामुळे कुठल्या गाडीत तो आहे हे चोराला कळायचा मार्गच नव्हता. १९९८ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी त्यावर पेपर लिहिला, जिथे तो आला त्या शहरांत एकूण चोऱ्याच कमी झाल्या, आणि फायदा जास्त झाला तो ज्यांनी तो विकत घेतलाच नव्हता त्यांचा. दिसणारं कुलूप फक्त माझ्या गाडीचं, न दिसणारं अख्ख्या गल्लीचं!

आता किआ आणि ह्युंदाईचं घ्या. अमेरिकेत २०१५ च्या मॉडेलमध्ये बाकीच्या कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर होता आणि या दोघांच्या फक्त २६ टक्के गाड्यांत. इमोबिलायझर म्हणजे कीमधली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी गोष्ट, काही रॉकेट सायन्स नाही. मग २०२१-२२ मध्ये पोरांनी यूएसबीच्या टोकानं इग्निशन फिरवून गाड्या पळवायचे व्हिडिओ टाकले आणि जे व्हायचं ते झालं. शेवटी २०२३ मध्ये ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट काढावं लागलं आणि तोवर कंपन्या काय वाटत होत्या माहितीये, पोलिसांमार्फत फुकट स्टेअरिंग लॉक! करोडोंची उलाढाल आणि हातात लोखंडी दांडा. शेजारच्या कॅनडात मात्र याच कंपन्या इमोबिलायझरसकट गाड्या विकत होत्या, कारण तिथे २००७ पासून कायदाच आहे. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, कोणी विचारत नव्हतं.

म्हणून संपादकसाहेब, दांडा लावा हे जरूर छापा, मीही लावतोच, पण सगळी जबाबदारी गाडीवाल्याच्या गळ्यात घालू नका. तुमच्या रविवारच्या पानावर नव्या गाडीबद्दल अर्धं पान असतं, सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंची, सीटला थंड हवा लागते का, सगळं असतं. त्यातच अजून दोन ओळी घाला की बाबा या गाडीच्या सगळ्या मॉडेलमध्ये इमोबिलायझर आहे का, स्वस्तातल्यापण, आणि की टेबलावर ठेवली की ती झोपते का. कंपनीला विचारा आणि उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक