अण्णांच्या डोक्यावरचा एसी

फिनिक्स, ॲरिझोना

प्रिय सुऱ्या,

इकडे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर आहे, मेधाचा गुडघा चालतोय. फोनच केला असता, पण अण्णा दिवसभर शेजारी असतात आणि विषय त्यांचाच आहे.

आमची जुनी मोटरहोम, ती घरासारखी राहायची गाडी, तू फोटोत पाहिलीस. तिच्या छताला चौदा इंचांचं चौकोनी भोक आहे. त्यात वरून एसी बसवलाय, १३,५०० बीटीयूचा, म्हणजे आपल्याकडच्या एक टनाहून थोडा मोठा. आतून झाकणाचा डबा, आणि नॉब त्या डब्यालाच, एक पंख्याचा, एक थंडाव्याचा. सगळा कारभार छताला! रात्री अण्णांना गारवा सोसत नाही. मग ते अंधारात उठतात, टेबलाच्या बाकावर चढतात आणि नॉब फिरवतात. ब्याऐंशीव्या वर्षी! तासाभरात आत भट्टी होते, की पुन्हा चढतात. मला जाग येते तेव्हा ते एका हाताने छत धरून उभे असतात. धस्स होतं रे. हाक मारायचीही भीती वाटते, दचकून पडले तर?

एसी बंद ठेवून भागत नाही. २०२३ साली इथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होतं, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे. रात्रीसुद्धा गाडीचा पत्रा निवत नाही.

म्हणून त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीवर थर्मोस्टॅट लावायचं ठरवलंय, तिथली हवा मोजून एसी आपोआप चालू-बंद करणारा. जुन्या नॉबची नळी छताजवळची हवा मोजते आणि माणूस झोपतो खाली. शिवाय कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा रात्रभर अण्णांच्या अंगावर वारा मारत राहतो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर पंखाही ऑटोवर टाकता येतो. थर्मोस्टॅट बारा व्होल्टचा आहे, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. बारीक तारा छतातल्या डब्यापर्यंत न्यायच्या आणि तिथे रिले बसवायचे, म्हणजे बारा व्होल्टच्या इशाऱ्यावर एकशेवीस व्होल्ट जोडणारे स्विच. कॉम्प्रेसरसाठी तीस अँपिअरचा दणकट, पंख्याच्या दोन स्पीडना दोन. दोन्ही स्पीडना एकदम सप्लाय गेला तर मोटर जळेल, म्हणून ते एकमेकांत अडकवलेत. एकशेवीस व्होल्टच्या तारा आणि बारीक तारा वेगळ्या पाइपातून. हे तू शिकवलेलं, विसरलो नाही. एकदा बंद झालेला कॉम्प्रेसर तीन मिनिटं परत चालू होऊ द्यायचा नाही, आतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतोच. तुझ्या दुकानातल्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये असायचा तोच टाइम डिले.

सगळं सामान आणून ठेवलं आणि संध्याकाळी अण्णांना सांगितलं. चहा खाली ठेवून म्हणाले, "सुऱ्याला विचारलंस का? त्याला विचारल्याशिवाय माझ्या डोक्यावर ऑटो बसवायचा नाही."

सुऱ्या, हे अण्णा म्हणाले! विहिरीच्या मोटरला ऑटोस्विच लावून दे म्हणून तुझ्याशी भांडलेले अण्णा. रात्री दोनला लाईट यायची, उसातून अंधारात जायचं, त्यांचं तरी काय चुकत होतं? आणि तू आपला ठाम, "काका, माणूस विहिरीत उतरलेला असताना लाईट आली तर?" दिवाळीलाही त्यांनी तुझ्याकडचा फराळ घेतला नव्हता. आई लपवून डबा घेऊन आली होती, निम्म्या चकल्या तर तूच परत खाल्ल्यास. आणि आता तेच अण्णा तुझं नाव घेऊन अडून बसलेत. मी मेधाला सांगायला गेलो, पण तिला त्यात एवढं काय ते कळेना. तुलाच कळेल.

तुझा तेव्हाचा प्रश्न आता मला झोपू देत नाही, फक्त उलट बाजूने. तिथे मोटर आपोआप चालू होण्याची भीती होती, इथे एसी चालूच न होण्याची आहे. जुना नॉब साधा. एकशेवीस व्होल्ट आले की एसी चालला. आता मध्ये बारा व्होल्ट येणार. एक छोटा फ्यूज उडाला तर रिले ओढणार नाही, आणि आम्ही दोघं सामान आणायला गेलेलो असताना अण्णा बंद गाडीत एकटे. कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की व्होल्टेज पडतं, कधी सप्लायच जातो. आलेल्या लाईटवर थर्मोस्टॅट आधीच्याच सेटिंगला परत येतो का, हे मी प्लग काढून तपासणार आहे. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला तर कॉम्प्रेसर थांबणार नाही, कॉइलवर बर्फ धरेल. त्यासाठी कॉइलला सेन्सर लावतोय, तो रिलेवर न विसंबता कॉम्प्रेसरची तारच तोडेल. पण फ्यूजचं काय?

माझा विचार असा, जुना नॉब काढायचाच नाही. अण्णांच्या हाताशी एक चेंजओव्हर स्विच ठेवायचा, मधे बंद, एका बाजूला थर्मोस्टॅट, दुसऱ्या बाजूला जुना नॉब. पण त्या बाजूला तीन मिनिटांचा डिले राहत नाही. त्यांनी घाईत इकडून तिकडे फिरवला तर कॉम्प्रेसर दाबावरच सुरू व्हायला बघेल. डिलेचा वेगळा टायमर कॉम्प्रेसरच्या तारेतच, स्विचच्या पुढे टाकू का? म्हणजे कुठल्याही बाजूने आलं तरी थांबावं लागेल. की त्याने आणखी एक बिघडणारी वस्तू वाढली?

तुझं नवं दुकान कसं चाललंय? चिन्मयीचा निकाल लागला असेल, कळव. वहिनींना नमस्कार.

आकृती सोबत पाठवतोय. लाल पेनने खुणा करून फोटो टाक, आणि वर अण्णांसाठी तुझ्या अक्षरात दोन ओळी लिही, माझ्या सांगण्यावर ते हलायचे नाहीत. शुक्रवारी आम्ही फ्लॅगस्टाफला निघतोय. तिथे जवळजवळ सात हजार फुटांवर रात्री एसी लागत नाही, तेव्हा परत येईपर्यंत तुला वेळ आहे.

तुझा,
नंदू