मा. कामगार मंत्री, फेटलिंगवाल्यांच्या हाताची नोंद कुठं करायची?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

शिरोली एमआयडीसीजवळ माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या उद्योगाचं, कौतुक आपण भाषणांत करता, ते रास्तच आहे. पण साच्यातून निघालेलं कास्टिंग थेट गाडीत चढत नाही. त्याच्या कडा हँड ग्राइंडरने घासाव्या लागतात. हेच फेटलिंग. मजुरी नगावर असली की ग्राइंडर खाली ठेवणं कुणालाच परवडत नाही.

ही माणसं माझ्याकडे येतात ती 'मानेची शीर दबलीय' म्हणत. मानेला पट्टा, बी-१२ ची इंजेक्शनं, सगळं करून झालेलं असतं. मी विचारतो, करंगळीला मुंग्या येतात का? नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट? हो. रात्री उठून हात झटकावा लागतो? यावर शेजारी बसलेली बायकोच बोलते, "रोजचंच हाय ते." मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नर्व्ह नावाची शीर दबली की असं होतं, आणि करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. हा कार्पल टनेल सिंड्रोम. लवकर कळला तर रात्री स्प्लिंट (मनगट सरळ धरणारी पट्टी) आणि कामात बदल एवढ्यावरही बऱ्याचदा भागतं, नाहीतर छोटं ऑपरेशन. उशीर झाला तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग वाळतो. मग पस्तिशीतल्या गड्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

कंपनीत विचारलं तर उत्तर ठरलेलं : "घरी म्हशी आहेत ना? धारा काढून झालंय ते." धारेचा वाटा असेलही, मी नाकारत नाही. पण धार अर्ध्या तासाची, ग्राइंडर आठ तासांचा, आणि म्हैस थरथरत नाही! "हातमोजे दिलेत की," हेही ऐकवतात. साधे हातमोजे ठिणगी अडवतात, कंपन नाही. जाड असले तर पकड उलट जास्त आवळावी लागते.

साहेब, खरी अडचण कागदावर आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत, सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता, हा आजार नव्हता. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेच्या यादीतही तो नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मात्र २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो नावानिशी घेतलाय, कारणांत कंपनाचं काम धरून. आपल्याकडे यादीत नाव नाही म्हणून डॉक्टर कळवत नाहीत, कळवत नाहीत म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून तक्रारच नाही असं धरलं जातं. त्यात माणूस ठेकेदाराचा असला तर हात गेल्यावर तो नुसता कामावर यायचा थांबतो.

केंद्राकडे हा आजार यादीत घेण्याची शिफारस करा. तोवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयामार्फत फेटलिंगच्या कामगारांच्या तपासणीत हात घ्यायला लावा. दोन्ही मनगटं मिनिटभर वाकवून मुंग्या येतात का बघायचं, याला यंत्र लागत नाही. संशय आला तर नर्व्ह कंडक्शन तपासणी (शिरेतून संदेश नीट जातो का ते बघणारी) ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, कोल्हापुरातच व्हावी. इचलकरंजीत मागावर आणि कांड्या भरायला बसणाऱ्या बायकांचे हातही याच फेरीत बघून घ्या.

उत्तर संचालनालयाकडून आलं तरी चालेल, फक्त त्यात तपासणी सुरू होण्याची तारीख असू द्या.

आपला,
शिरोलीतला एक फिजिओथेरपिस्ट