मामा, तुम्ही मला बोलायला शिकवलंत

आदरणीय मामांना,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल. हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण जी पोरं आज पहिल्यांदा पाना हातात धरतायत त्यांनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून उघड लिहितोय.

परवा आमच्या वर्कशॉपमध्ये आयटीआयची दोन नवीन पोरं आली. त्यातल्या एकाला मी बारा-तेराचा पाना आणायला सांगितलं. त्यानं मान हलवली, गेला आणि चौदा-पंधराचा घेऊन आला. परत सांगितलं, परत मान हलली, परत चुकीचाच पाना. पोरगा हुशार आहे. त्याला नीट ऐकू आलं नव्हतं आणि विचारायची भीती वाटत होती, एवढंच. मला २०१९ चा जुलै आठवला. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड संपवून मी गॅरेजमध्ये तुमच्या हाताखाली आलो तेव्हा असाच मान हलवायचो. तुम्ही गाडीखालून म्हणाला होता, "आरं, तोंडानं सांग की. बारा-तेरा म्हण आणि मग जा." तेव्हापासून जे आणायला सांगितलं ते मोठ्यानं म्हणत जायची सवय लागली. पहिले चार दिवस लाज वाटली. मग कळलं, की मी चुकीचं ऐकलं असेल तर ते तुम्हाला तिथंच कळतं आणि फेरी वाचते.

उद्यमनगरात तर याची गरज पावलोपावली. इंजिनचा क्रँक घासायला ग्राइंडिंगला टाकायचा, हेड सपाट करायला फेसिंगला द्यायचं, सगळं चालत जायच्या अंतरावर, आणि निरोप घेऊन जाणार सगळ्यांत नवा पोरगा. तुम्ही मला कधी नुसत्या तोंडी निरोपावर पाठवलं नाहीत. "०.२५ अंडरसाइज", म्हणजे क्रँक पाव मिलिमीटर बारीक घासायचा, असं चिठ्ठीवर लिहायला लावायचात, माझ्याकडून वाचून घ्यायचात, आणि ग्राइंडिंगवाल्यासमोर परत वाचायला सांगायचात. पाव मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांत नवशिक्याच्या तोंडून गफलत व्हायला किती वेळ लागतो? घासून गेलेलं लोखंड परत येत नाही.

ब्रेकचं ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढणं, तुम्ही शिकवलंत तो दिवस मी विसरणार नाही. दोघांशिवाय न होणारं काम. मी आत पेडलवर, तुम्ही खाली मागच्या डाव्या चाकापाशी, कारण मास्टर सिलिंडरपासून ते चाक सगळ्यांत लांब. एकमेकांचं तोंडही दिसत नाही, मधे फक्त आवाज. तुम्ही म्हणायचं "दाब", मी म्हणायचं "दाबलं". तुम्ही चाकापाशी निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करणार, पेडल खाली जाणार, मी म्हणायचं "गेलं खाली". तुम्ही "धर", मी "धरलंय". निपल आवळून झाल्यावरच "सोड". तिसऱ्या खेपेला मी घाईत आधीच पाय उचलला. निपल उघडा होता, हवा परत आत ओढली गेली आणि केलेली मेहनत वाया. तुम्ही चिडला नाहीत. चाकाजवळून उठून आत आलात आणि मला खाली बसवलंत. स्वतः पेडलवर बसून मुद्दाम पाय आधी उचललात. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतलं ऑइल उलटं सरकताना मी डोळ्यांनी पाहिलं. समोरच्याचं काम त्याच्या जागी बसून बघायचं असतं, हे मला त्या नळीनं शिकवलं.

मग ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडून माल येईना, फिल्टर आणि ऑइल होतं तेवढंच. पाणी उतरल्यावर क्रेननं गाड्या यायला लागल्या, एकामागून एक. सीटवर गाळ, बटणांत गाळ. मालक डोळ्यांत पाणी आणून विचारायचे, "एकदा चावी फिरवून बघू का?" आणि तुम्ही हात जोडायचात, "काय बी करा, पण चावी फिरवू नका."

का ते तुम्ही आम्हाला पहिल्याच संध्याकाळी समजावलं होतंत. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मग प्लग काढायचे, डिझेल असेल तर इंजेक्टर. क्रँकला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं, पाणी भोकातून बाहेर येऊ द्यायचं. दुधाळ झालेलं ऑइल काढून नवं घालायचं, तेही एकदाच करून भागत नाही.

आम्ही पाच जण होतो. तुम्ही कामं वाटलीत. सीट आणि कार्पेट एकाकडे, कनेक्टर सोडवून हवेनं वाळवणं दुसऱ्याकडे, इंजिन दोघांकडे. सगळ्यांत नवा मी. माझ्या हातात तुम्ही पांढरा मार्कर दिलात. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर काय झालं आणि काय राहिलं ते मोठ्या अक्षरांत लिहायचं. मला वाईट वाटलं होतं मामा, आज कबूल करतो. बाकीचे इंजिन उघडतायत आणि मी काचेवर लिहितोय, असं वाटलं. दोन दिवसांनी कळलं, की गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांची खबर असलेला मी एकटाच होतो.

तिसऱ्या दिवशी ती निळी गाडी. बाहेरून आलेल्या इलेक्ट्रिशियननं वायरिंग बघायला बॅटरी जोडली होती आणि तो जेवायला गेला. आपल्यातले सीनियर दादा आत बसले. बॅटरी जोडलेली पाहून त्यांना वाटलं इंजिनचं काम झालं, त्यांचा हात चावीकडे गेला. काचेवर "प्लग बाकी" असं मीच सकाळी लिहिलं होतं. पण आतून वाचणाऱ्याला अक्षरं उलटी, आणि घाईत कोण वाचतंय. मी ओरडलो, "चावी नको!" माझाच आवाज मला अनोळखी वाटला. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांनी हात मागे घेतला आणि खाली उतरले.

त्या संध्याकाळी चहाला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आज ह्या पोरानं इंजिन वाचवलं. इथनं पुढं कुणीबी 'थांब' म्हणालं तर थांबायचं. मी असलो तरी थांबायचं. का, ते मागनं इचारायचं." दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. महिनाभराच्या पोराला हेड मिस्त्रीला थांबवायचा हक्क! दुसऱ्या दिवसापासून बॅटरीच्या सुटलेल्या टर्मिनलला लाल कापड बांधायचं ठरलं, आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. बाहेरच्या माणसालाही तोच नियम.

तुमचे खरे आभार मात्र दिवाळीच्या आधीच्या त्या दुपारचे आहेत. गिऱ्हाइकांची घाई होती. मी पुढच्या डाव्या चाकाचे चारही नट हातानं बसवले होते, गाडी अजून जॅकवर. तेवढ्यात गिअरबॉक्स धरायला हाक आली आणि मी धावलो. धावणं बरोबरच होतं, लोंबकळता गिअरबॉक्स एकट्यानं पेलायचा नसतो. पण जाताना मी काहीच बोललो नाही. माझ्या जोडीदारानं नट बसलेले पाहिले, गाडी खाली घेतली, व्हील कॅप दाबून बसवली. शेवटचं आवळणं दोघांपैकी कुणीच केलं नाही. तो समजला मी केलं, मी समजलो तो करेल.

ट्रायलला तुम्ही गेलात. पहिल्याच वळणावर टकटक ऐकली, गाडी तिथंच उभी केलीत आणि पाना मागवलात. मी पाना घेऊन आलो तेव्हा माझे हात कापत होते. दुसऱ्या कुणाच्या हाती ती गाडी घरच्यांना घेऊन हायवेला गेली असती तर, हा विचार अजूनही कधीतरी रात्री येतो.

परत आल्यावर तुम्ही आम्हा दोघांना बसवलंत. मला वाटलं आता हिशोब देऊन घरी पाठवणार. तुम्ही विचारलंत ते शब्दन् शब्द आठवतं: "कुणी केलं ते मला नगं. काम एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात कवा गेलं, ते सांगा." आम्ही सांगत गेलो आणि सांगता सांगता आमचं आम्हालाच दिसलं. काम हातातून हातात गेलंच नव्हतं, मधेच पडलं होतं. संध्याकाळी मालकाला तुम्ही स्वतः सांगितलंत, "चूक आमच्या गॅरेजची." आमच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाहीत.

त्या दिवशी पिवळा मार्कर आला. कंपनीनं दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोरानं, नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे, ज्यानं आवळले त्यानं नटावरून रिमवर रेघ ओढायची आणि जॉब कार्डवर सही करायची. कॅप दुसऱ्यानं लावायची, तीही रेघा मोजूनच. आणि अर्धं काम सोडून जाताना "चाक अर्धं आहे" असं म्हणायचं, समोरून "ऐकलं" आल्याशिवाय हलायचं नाही. रविवारी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघताना तुम्ही दाखवायचात ना, पास द्यायच्या आधी पोरं कशी हाक मारतात, तसंच. पुढं तुमच्याकडे होतो तोवर एकही चाक तसं गेलं नाही.

काही ठिकाणी नव्या पोराला शिव्या घालून तयार करतात. मी तशा एका वर्कशॉपमध्येही थोडे महिने काढले. तिथं पोरं चुका कमी करत नव्हती, लपवायला शिकत होती. सॉकेट इंजिनमध्ये पडला तर सांगायचं कुणी? तुमच्याकडे सॉकेट हरवला की सगळे मिळून शोधायचे आणि सापडेपर्यंत बॉनेट बंद व्हायचं नाही. हरवला म्हणून सांगणाऱ्याला बोलणी बसली नाहीत, म्हणून तो लगेच सांगायचा. हा फरक मला तुमच्याकडून बाहेर पडल्यावर समजला. म्हणून आभार मानायला इतका उशीर झाला.

त्या नव्या पोराला मी आज पेडलवर बसवलं. पहिल्या दोन वेळा त्याचा आवाज चाकापर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्यांदा "धरलंय" इतक्या मोठ्यानं आलं की शेजारच्या पिटमधला माणूस वर बघायला लागला. मग मी त्याला खाली बसवलं आणि स्वतः पेडलवर जाऊन मुद्दाम पाय आधी उचलला.

मामा, खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपवर या. पाने धुऊन पुसून मांडून ठेवतो. यंदा हळदकुंकू तुमच्या हातानं वाहायचं आहे. दोन्ही पोरांना सांगून ठेवलंय कोण येणार आहे ते.

तुमचाच,
२०१९ च्या पुरात काचेवर लिहिणारा पोरगा