जुना गणवेश उलटा करून पाहिल्याशिवाय घेऊ नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुना लष्करी गणवेश विकत घेताना बहुतेक जणांचा पहिला प्रश्न ‘हा कुणाचा होता?’ असा असतो आणि विक्रेत्याकडे त्याचे उत्तर तयारच असते. अमुक आघाडीवर वापरलेला, अमुक अधिकाऱ्याच्या पेटीतून निघालेला, असे काहीतरी ऐकले की घेणाऱ्याचे मन तेथेच विरघळते. ती हकीकत खरीही असू शकेल, पण ती कापडावर लिहिलेली नसते. कापडावर जे लिहिलेले असते ते वाचायला गणवेश उलटा करावा लागतो आणि नेमके तेच करायचे राहून जाते. या छंदात मी बरीच वर्षे आहे आणि फसलोही आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या ‘बॅटलड्रेस’ या गणवेशाचे एक आखूड लोकरी जाकीट घेतले. आत १९४० च्या नमुन्याचे, बाणाच्या सरकारी खुणेचे लेबल होते आणि तेवढ्यावरच माझे समाधान झाले. घरी उजेडात पाहिले तेव्हा त्या लेबलाभोवती सुईच्या भोकांची दुसरी, मोठी चौकट दिसली. मूळचे मोठे लेबल उसवून तेथे हे लहान लेबल बसवलेले होते आणि त्याचा दोरा बाकीच्या शिवणीच्या दोऱ्यापेक्षा चकचकीत होता. महायुद्धानंतर युरोपातील अनेक सैन्यांनी याच धाटणीची जाकिटे वापरली आणि माझे जाकीट त्यांपैकीच एक निघाले. ते आपल्या खऱ्या ओळखीने विकायला ठेवले असते, तरीही मी ते आनंदाने घेतले असते.

तेव्हापासून मी लेबल सर्वांत शेवटी पाहतो. आधी पाहतो ती शिवणीच्या आत दुमडलेली कापडाची कड आणि खिशाच्या पिशवीचा तळ. वर्षानुवर्षे ऊन आणि हवा लागून कापड बाहेरून विटते, परंतु दुमडलेल्या कडेत मूळ रंग बराच टिकून राहतो. आतबाहेर सगळीकडे रंग सारखाच उतरलेला असेल, तर कापड मुद्दाम धुऊन किंवा रंगवून जुने केले असावे, असा संशय घ्यायला हवा. बिल्ल्यांचेही तसेच आहे. दीर्घकाळ शिवलेला बिल्ला काढला तर त्याखाली त्याच आकाराचा गडद ठसा आणि भोकांची रांग राहते. बिल्ला जुना आणि गणवेशही जुना, पण दोघांची गाठ कालच पडलेली, असा प्रकार फार होतो आणि तो या ठशावरूनच उघडकीस येतो.

झिजेला अंगाची हालचाल कळते. कॉलरची घडी, बाहीची कड, कोपर, काख, पट्टा घासतो ती कमरेची रेषा आणि रोज उघडमीट होणारी काजे या जागा आधी विरतात, आणि त्याही सारख्या प्रमाणात नव्हे. कोपर विरलेले पण काज कोरे, असे दिसले तर थांबावे. कसर लागलेल्या भोकांच्या कडा वेड्यावाकड्या असतात, कातरीने पाडलेल्या भोकांच्या तशा नसतात. जुनाट वास हा मात्र मी पुरावा मानत नाही, कारण कोंदट जागेत ठेवलेल्या नव्या कापडालाही तो लागतो.

दोऱ्याचा विचार थोडा सविस्तर करायला हवा. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला आणि ते बाजारात रुळले १९५० नंतर. त्यामुळे १९४३ च्या म्हणून दाखवलेल्या अंगरख्याच्या मुख्य शिवणी पॉलिएस्टरच्या असतील, तर तो अंगरखा १९४३ चा नाही. एखादेच बटण तशा दोऱ्याने लावलेले असेल, तर ती नंतरची दुरुस्ती असू शकते आणि तेवढ्यावरून वस्तू नाकारू नये. मालकाची परवानगी घेऊन आतल्या कडेचा एक धागा जाळून पाहता येतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

अतिनील दिव्याबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. महायुद्धानंतर साबण-पावडरीत आणि धाग्यांत आलेली चकाकी देणारी रसायने या प्रकाशात निळसर पांढरी उजळतात, म्हणून ‘उजळले म्हणजे नकली’ असे सर्रास सांगितले जाते. पण अस्सल जुना सुती सदरा पुढे कुणी आधुनिक पावडरीत धुतला, तर तोही उजळतो. आणि न उजळणारा दोरा आजही मिळत असल्यामुळे ‘उजळले नाही म्हणजे अस्सल’ हेही खरे नाही.

लेबल वाचायचे ते त्यातल्या गोष्टींचा आपसात मेळ बसतो का, हे पाहण्यासाठी. अमेरिकी जाकिटाच्या कंत्राट क्रमांकाची सुरुवात ‘डीएसए १००-६८’ अशी असेल (डीएसए म्हणजे तिथल्या सैन्याची पुरवठा संस्था), तर ते १९६८ या आर्थिक वर्षातील कंत्राट होय. त्याच लेबलावर १३ अंकी साठा क्रमांक, म्हणजे सरकारी साठ्यातील वस्तूचा ओळख क्रमांक, छापलेला असेल तर गडबड आहे, कारण १९७४ पर्यंत तो क्रमांक ११ अंकी होता. ब्रिटिश बटणांवरील मुकुटाचीही एक जुनी खूण आहे. गोलसर उंच कमानींचा ट्यूडर मुकुट राजांच्या काळातला आणि मध्ये खोलगट असलेला सेंट एडवर्ड मुकुट राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या काळातला. परंतु राजे चार्ल्स तिसरे यांनी २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट स्वीकारल्यामुळे तसा मुकुट आता नव्याकोऱ्या बटणावरही असू शकतो. जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

नकला करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. चित्रपट आणि नाटकांसाठी उत्तम प्रतिकृती शिवणारे कसबी शिंपी आहेत आणि त्यांच्या कामाचा मला आदर वाटतो. त्या प्रतिकृतीवरचे शिंप्याचे लेबल कापून, तिला काचकागदाने घासून ती दुप्पट-तिप्पट दामाला विकली जाते, तेव्हा घेणाऱ्याचे पैसे तर जातातच, शिवाय जे प्रत्यक्षात घडलेच नाही ते इतिहास म्हणून संग्रहात जाऊन बसते. विक्रेत्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी समोरच्या छायाचित्राबरोबर अस्तर, शिवणीची कड, बटणांची मागची बाजू आणि लेबलाचे टाके यांचीही छायाचित्रे आपणहून द्यावीत. घेणाऱ्यांनी ती मागून घ्यावीत, आणि मिळाली नाहीत तर पैसे देऊ नयेत.

आपला,
एक गणवेश-संग्राहक