दहा रुपयांची पावती फाडायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला घरी आले तेव्हा तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तालुक्याच्या आपल्या पक्ष कार्यालयाचं थकलेलं भाडं भरलं गेलं, कापलेली वीज परत आली, मतदार याद्यांच्या झेरॉक्सची उधारी फिटली. हे कोणामुळे झालं ते लोकांना कळलं पाहिजे. तुमचं पूर्ण नाव कार्यालयातल्या यादीत आहेच. इथे नुसतं काका म्हटलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पक्ष म्हटला की पैशाला काय तोटा. निवडणुकीत गाड्यांचे ताफे दिसतात, चौकाचौकांत फ्लेक्स दिसतात. पण तो पैसा उमेदवाराचा असतो आणि निकालाच्या दिवशी संपतो. मुंबई-दिल्लीत जमणारा पैसा तालुक्यापर्यंत झिरपत नाही. दोन निवडणुकांच्या मधे जी संघटना असते, म्हणजे एक भाड्याची खोली, चार खुर्च्या, एक कपाट आणि रोज संध्याकाळी कुलूप उघडणारा एखादा कार्यकर्ता, तिला कोणी वाली नसतो. त्यात आपल्याकडे नगरपरिषदांवर, जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. निवडणूकच नाही म्हटल्यावर तिकिटाची आशा धरून येणारे फिरकेनासे झाले. जे नगरसेवक होते ते माजी झाले आणि आपापल्या धंद्याला लागले. बैठकीच्या चहाचे पैसे कोणी द्यायचे इथून प्रश्न सुरू व्हायचा.

तरी त्या खोलीत लोक येत होते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला, रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवायला, उत्पन्नाचा दाखला का अडलाय ते विचारायला. मत कोणाला देता हे आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. घरमालकांनी खोली रिकामी करा म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पक्षाचा झेंडा नव्हता. बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसणारी ही माणसं होती. ती आता कुठे जातील, एवढंच मनात येत होतं.

खजिनदार म्हणून पैसे उभे करणं माझं काम. आधी अर्थातच मोठ्यांकडे गेले. ज्यांच्या सभांसाठी आमच्या पोरांनी सतरंज्या घातल्या, ज्यांच्या विजयी मिरवणुकीत गुलालाने डोळे चुरचुरेपर्यंत नाचली, त्यांच्याकडे. एका नेत्यांनी तर मेळाव्यात माइकवरून सांगितलं होतं, कार्यालयाची काळजी करू नका, ती माझ्यावर सोडा. आम्ही सोडली. त्यानंतर त्यांचा फोन कायम स्वीय सहायकाकडे आणि साहेब कायम मीटिंगमध्ये. दुसऱ्या एकांच्या बंगल्यावर ओसरीत ताटकळले. चहा आला, बिस्किटं आली, साहेब मात्र मागच्या दाराने निघून गेले. तिसऱ्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर जेवढा खर्च केला, तेवढ्यात आमचं कित्येक महिन्यांचं भाडं निघालं असतं. त्या फ्लेक्सवर त्यांच्याच फोटोखाली रांगेत आमचे फोटो होते. नाही म्हणाले असते तर समजून घेतलं असतं. पण त्यांनी तोंडावर हो म्हटलं आणि मागून पाठ फिरवली, त्याचा राग अजून गेलेला नाही. तो मी लपवणार नाही.

मग एक ठेकेदार आले. वर्षभराचं भाडं एकरकमी, रोख. पावती नको, नाव कुठे नको. फक्त अमुक प्रभागातल्या रस्त्यांबद्दल आपल्या लोकांनी जरा सबुरीने घ्यावं. कायद्याने पक्षाला एका माणसाकडून २,००० रुपयांच्या वर रोख घेता येत नाही, घेतली तर आयकराची सवलत जाते, असं मी म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, वीस नावं टाका, त्यात काय. आमच्यातल्याच काहींना हा मार्ग पसंत होता. त्या रात्रीच्या बैठकीत पैसे नाकारायचं ठरलं, पण फार थोड्या मतांनी. दोन जुने सहकारी माझ्याशी न बोलता उठून गेले. खोली सोडायची तयारी आम्ही तेव्हाच सुरू केली होती.

त्या आठवड्यात तुम्ही आलात. तुम्ही काही आमचे नव्हेत. तुमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे की तुमचं मत वर्षानुवर्षं दुसऱ्या पक्षाला जातं, आणि तुम्ही ते लपवतही नाही. बायकोच्या आजारपणात योजनेचे कागद आमच्या कार्यालयात झाले होते, तेवढीच आपली ओळख. दारात उभे राहून म्हणालात, "खोली बंद होतीय म्हणे. गावात एकाच पक्षाचं ऑफिस राहिलं तर तेही माजेल." मग खिशातून पाचशेची नोट काढलीत आणि टेबलावर ठेवून उभेच राहिलात. मला कळेना कशासाठी थांबलात. "पावती," तुम्ही म्हणालात.

लोक पक्षाला पैसे देतात तेव्हा बहुतेक वेळा पावती नको म्हणतात. उगाच नाव कशाला, असं म्हणत नोट पुढे सरकवतात आणि मान वळवतात. दुकानदाराला दुसऱ्या पक्षाची भीती, नोकरदाराला साहेबाची, बाकीच्यांना शेजाऱ्यांची. पैसे देताना ताठ मानेने पावती मागणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. तुम्ही चश्मा लावून पावतीचा नंबर आणि स्थळप्रतीचा नंबर ताडून बघितलात. आद्याक्षरं लिहिली होती तिथे पूर्ण नाव लिहायला लावलंत. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस तुम्ही, तुम्हाला ते काही विशेष वाटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून आमच्याबरोबर आळीत वर्गणी मागत फिरायला निघालात. आज हे लिहायला बसले ते त्या दिवशीच्या एका गोष्टीसाठी.

आळीच्या टोकाला त्या म्हाताऱ्या आजी राहतात. आम्ही त्यांच्याकडे मागायला थांबणारच नव्हतो. त्यांनीच हाक मारली. कनवटीची चंची सोडली, आतून चौघडी घातलेली दहाची नोट काढली, पोराच्या डब्यात टाकली आणि वळल्या. असे पाच-दहा रुपये आम्ही दिवसाअखेर एकत्र मोजून 'किरकोळ जमा' म्हणून एका ओळीत लिहीत असू. सगळीकडे तीच पद्धत आहे. तुम्ही मात्र हात आडवा केलात. "आजी, थांबा. पावती घेऊन जा." आजींना वाटलं काही चुकलं. तुम्ही पायरीवर बसलात, पावती पुस्तक गुडघ्यावर घेतलंत आणि नाव विचारलंत. त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांचं नको. पैसे तुम्ही दिलेत, तुमचं सांगा." त्या जरा थांबल्या. मग पदर सावरून स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. तुम्ही एकेक अक्षर सावकाश लिहिलंत, दहा रुपये अंकात, मग अक्षरी, पुढे 'फक्त', आणि पावती फाडून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलीत. त्यांनी ती वाचली नाही, त्यांना वाचता येत नाही. पण घडी करून चंचीत ठेवली, जिथून नोट काढली होती तिथेच.

पोरं बघत राहिली. मीही बघत राहिले. तुमच्या डाव्या हाताच्या बोटांत उभ्या घड्या घातलेल्या नोटा होत्या, दहाच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, कंडक्टर धरतात तशा. एका पोराने विचारलं, काका, दहा रुपयांसाठी कशाला एवढं? तुम्ही म्हणालात, "दहाचं तिकीट काढणाऱ्याला कधी बिनतिकिटाचा बसवलाय का मी?" आणि पुढच्या दाराकडे निघालात.

काका, तुम्हाला ठाऊक आहे का माहीत नाही, पण निवडणूक आयोगाला पक्ष जी यादी देतात, तिच्यात एका वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्यांचीच नावं द्यावी लागतात. त्याखालची नावं आयोगाला कळवायचं बंधन नाही. त्या फटीतून काय काय आत जातं ते त्या ठेकेदारांनी मला तोंडावर सांगितलं होतं. वर तर त्याहून मोठा कारभार झाला. २०१८ मध्ये पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखे आले, हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे, आणि कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळायचा मार्ग ठेवला नाही. शेवटी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली, कारण पक्षांना पैसा कोण देतो हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. पाच न्यायमूर्तींनी जे कोट्यवधींच्या रोख्यांबद्दल सांगितलं, ते तुम्ही आळीतल्या पायरीवर बसून दहाच्या नोटेला लागू केलंत.

आणि हे आपल्याकडे नवीनही नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला होता, त्या पैसा फंडातून तळेगावला काचकारखाना उभा राहिला. लोकमान्य गेल्यावर १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचं ठरलं आणि ते जमले. काँग्रेसचा सभासद चार आण्यांत होता येत होतं. २००९ साली हातकणंगल्यात शेतकऱ्यांनी 'एक नोट, एक व्होट' म्हणत राजू शेट्टींना लोकसभेत पाठवलं. ज्याने पैसा दिला त्याला विचारायचा हक्क मिळतो, मग तो पैसा चार आणे असो की चार कोटी. चार कोटीवाल्याला तो हक्क मागावा लागत नाही, साहेब स्वतः दार उघडतात. चार आणेवाल्याच्या हातात मात्र निदान एक पावती पाहिजे.

तुमच्या आळीनंतर आम्ही सगळीकडे तसंच केलं. पाच रुपये असोत, पूर्ण नाव, पावती, स्थळप्रत. वेळ फार लागला. काहींनी नाव सांगायला नकार दिला, त्यांचे पैसे हात जोडून परत केले. त्यावरून पोरं माझ्यावर चिडली. पण नंतर एक गोष्ट झाली जी आधी कधी झाली नव्हती. ज्यांनी दिले ते कार्यालयात येऊन विचारायला लागले. भाडं भरलं का? किती उरले? पंखा का आणला, आधी छत गळतंय ते बघा. एका भाजीवाल्या ताईंनी पावती टेबलावर आपटून विचारलं की प्रभागातल्या गटारीबद्दल तुमचा पक्ष गप्प का. त्या संध्याकाळी आम्ही गटारीचं निवेदन लिहिलं. कुठल्याही नेत्याच्या पैशाने हे झालं नसतं. ठेकेदाराचे पैसे घेतले असते, तर त्या ताईंना काय तोंड दाखवलं असतं?

तुमच्यासारखी माणसं मोठ्या आवाजात बोलत नाहीत, म्हणून राजकारणात ती नाहीतच असं आपण धरून चालतो. विरोधी पक्षाचं दार बंद पडू नये म्हणून खिशात हात घालणारा मतदार आपल्या गावात आहे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला भोळा म्हटलं असतं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आता मत तुम्हालाच. उलट निघताना सांगितलंत, "मत आमचं जिथं असतं तिथंच जाणार, पण हिशेब मागायला येईन." मोठेपणा म्हणतात तो हाच, आणि तो आमच्याच पक्षाच्या मोठ्यांकडे मला दिसला नाही, हे लिहिताना वाईट वाटतं.

तर काका, हिशेब तयार आहे. जमेच्या बाजूला प्रत्येक नाव वेगळ्या ओळीत आहे, 'किरकोळ' हा रकाना काढून टाकला आहे. वार्षिक सभेपुढे ठेवण्याआधी तो तुम्ही डोळ्यांखालून घालावा अशी माझी इच्छा आहे. कमिटीतल्या दोघांनी हरकत घेतली की बाहेरच्या माणसाला वह्या कशा दाखवायच्या. मी सांगितलं, त्यांच्याकडे आपली पावती आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला मी वह्या आणि स्थळप्रती घेऊन कार्यालयात बसलेली असेन. काकूंना बरं असेल तर त्यांनाही घेऊन या. छताचं काम अजून राहिलंय, त्याची दोन कोटेशनं आली आहेत, तीही बघून घ्या.

आपली नम्र,
खजिनदार, तालुका कमिटी